घेवड्याने घाई केली की मका लोळतो

पहिल्या वर्षी मी मका, घेवडा आणि भोपळा या तिघांचं बी एकाच सकाळी टोकलं आणि हात धुऊन मोकळी झाले. ही तिघं एकत्र लावली की एकमेकांना सांभाळून घेतात, एवढंच ऐकून होते. तिसऱ्या आठवड्यात घेवड्याला आधार हवासा झाला. त्याने शेजारच्या मक्याच्या रोपाला दोन वेढे दिले, मग दोन दिवसांनी पलीकडच्याला. मका तेव्हा जेमतेम वीतभर, खोड पेन्सिलीपेक्षा बारीक. एका वाऱ्याच्या रात्रीनंतर जाऊन पाहिलं तर चार-पाच रोपं वेलासकट आडवी झालेली. जी उभी राहिली त्यांच्यावर भोपळ्याने पानं पसरली. त्या वर्षी आमच्याकडे भोपळे मात्र भरपूर झाले.

बी चांगलं होतं, माती चांगली होती, पाणीही वेळेवर होतं. चुकल्या होत्या त्या तारखा. या तिघांचं एकत्र नांदणं बरंचसं क्रमावर उभं आहे, आणि तो क्रम समजला की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात.

मका, घेवडा आणि भोपळ्याला मिळून 'तीन बहिणी' म्हणतात. मराठीत तिघेही पुल्लिंगी, पण नाव त्यांना ज्यांनी दिलं त्यांचा मान राखून बहिणीच म्हणू या. हे नाव आलं हौडेनोसौनी लोकांकडून. आजच्या न्यूयॉर्क राज्यात आणि त्याच्या आसपासच्या सरोवरांच्या प्रदेशात राहणाऱ्या मूळ रहिवाशांचा हा संघ. बाहेरच्यांनी त्यांना इरोक्वॉय म्हटलं. त्यांच्यात शेती बायकांच्या हातात होती. तिकडे दक्षिणेला, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत, अशाच मिश्र शेताला 'मिल्पा' म्हणतात.

तिघींची वयं सारखी नाहीत. भोपळ्याचं माणसाने जोपासलेलं सर्वांत जुनं बी मेक्सिकोतल्या ओआहाका भागात, गिला नाकित्स नावाच्या गुहेत सापडलं. ते सुमारे 10,000 वर्षांपूर्वीचं आहे. मका त्यानंतरचा: दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते या रानगवतापासून सुमारे 9,000 वर्षांपूर्वी घडवलेला. घेवडा धाकटा. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात तर तो साधारण इसवी सन 1300 च्या सुमाराला पोचला, म्हणजे त्या मुलखात तिघी एका शेतात आल्या त्याला सात-आठशे वर्षंच झाली.

'परसबागेतला गोड प्रयोग' असं या पद्धतीचं वर्णन कुठे ऐकलं की मला 1779 साल आठवतं. त्या वर्षी जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनची फौज हौडेनोसौनींच्या मुलखात शिरली. तिने चाळीस गावं जाळली, आणि सलिव्हनने स्वतःच दिलेल्या आकड्यानुसार 1,60,000 बुशेल मका नष्ट केला. दाण्यांचा बुशेल साधारण 25 किलोचा धरला तर हे चार हजार टन होतात. एवढं धान्य हौसेखातर पिकत नाही. अमेरिकेच्या 2009 च्या एक डॉलरच्या नाण्यावर तीन बहिणींच्या शेतात बी पेरणारी बाई आहे. ज्या सरकारच्या फौजेने ती शेतं जाळली त्याच सरकारचं हे नाणं.

या पद्धतीचा पिकाचा हिशोबही कुणीतरी नीट मांडला आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या शेतीशास्त्रज्ञ जेन माउंट प्लेझंट यांनी 2016 मध्ये दाखवलं की तीन बहिणींच्या एका हेक्टरातून सुमारे 1 कोटी 22 लाख किलोकॅलरी आणि 349 किलो प्रथिनं निघतात. तीच जमीन एका पिकाला दिली किंवा तिघांत वाटून वेगवेगळी लावली, तर एवढं निघत नाही. हे जास्तीचं येतं कुठून?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: घेवडा मक्याला नत्र पुरवतो. हे अर्धं खरं आहे, आणि त्यातला चुकीचा अर्धा भागच बागेत महाग पडतो, म्हणून इथे जरा थांबू.

हवेत 78 टक्के नत्र आहे, पण झाडांना तो थेट घेता येत नाही. नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ती मिठी सोडवणं झाडाच्या आवाक्यातलं नाही. रायझोबियम जातीच्या जिवाणूंना ते जमतं. घेवड्याच्या मुळात ते शिरतात, मूळ त्यांच्यासाठी छोटी गाठ बांधतं, झाड त्यांना साखर देतं आणि ते झाडाला वापरता येईल असा नत्र देतात. द्विदल पिकं हे करतात, असं जर्मनीत हेलरीगेल यांनी 1886 मध्ये मांडलं. तुम्हाला हे घरी पाहता येतं. घेवडा फुलावर असताना एक वेल मुळासकट हळूच खणून काढा, ओढू नका, नाहीतर गाठी मातीतच राहतात. मुळांवर मोहरीएवढे ते ज्वारीच्या दाण्याएवढे गोळे दिसतील. एक नखाने फोडा. आतून गुलाबी निघाला तर काम चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा आहे, कारण नत्र पकडणाऱ्या यंत्रणेला प्राणवायू मोकळा सुटलेला चालत नाही, तो कुणीतरी धरून ठेवावा लागतो. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट असेल तर आत काही घडत नाहीये.

आता दुसरा अर्धा भाग. हा नत्र घेवडा मिळवतो तो स्वतःसाठी. झाड जिवंत आहे तोवर त्यातलं फार थोडं शेजाऱ्याकडे जातं. शेंगा भरल्या की बराचसा नत्र दाण्यांत जातो, आणि दाणे आपण उचलून घरी नेतो. त्यात घेवडा हा द्विदल कुळातला या कामात तसा आळशी गडी. मागे राहतात ती मुळं आणि पाला. ते कुजल्यावर जमिनीला जे मिळतं ते पुढच्या हंगामाच्या कामाचं. म्हणजे याच हंगामातल्या मक्याचं पोट घेवड्याच्या भरवशावर ठेवलंत तर मका पिवळा पडतो. खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेने आत पिवळी होत गेली की ओळखावं, मका नत्रासाठी उपाशी आहे. मक्याला चांगलं कुजलेलं खत लावणीच्या वेळी द्यावंच लागतं, आणि गुडघ्याएवढा झाला की पुन्हा एकदा. फक्त हात आवरता ठेवा. नत्र फार झाला तर घेवडा गाठी बांधायचे कष्टच घेत नाही, आणि भोपळा नुसती पानं वाढवत बसतो.

मग फायदा कशाचा? मुख्यतः जागेच्या वाटणीचा. मक्याला डोक्यावर कडक ऊन लागतं आणि तो सरळ वर जातो. घेवडा त्याच्या अंगावरून चढत मधली जागा घेतो. त्याला थोडी सावली चालते. भोपळा जमिनीवर लोळतो, रुंद पानांनी माती झाकतो. मातीवर ऊन पडत नाही म्हणून ओल टिकते आणि तणाला उगवायला उजेड मिळत नाही. जमिनीखालीही असंच आहे. मक्याची तंतुमुळं दाट जाळं करतात, घेवड्याची ठेवण वेगळी, भोपळ्याचा वेल तर जिथे जमिनीला टेकतो तिथे पेऱ्यातून नवीन मुळं सोडतो, मूळ खोडापासून दोन-दोन हात लांब. योहानेस पोस्टमा आणि जोनाथन लिंच यांनी 2012 मध्ये संगणकावर ही मुळं वाढवून पाहिली, आणि हलक्या जमिनीत मिश्र लावणीला जो फायदा मिळतो तो मुळांच्या या वेगवेगळ्या ठेवणीतूनही येतो, असं त्यांना दिसलं. सारांश काय, तिघं एकमेकांना फारसं काही देत नाहीत. एकमेकांच्या ताटातलं उचलत नाहीत, आणि शेतात तेवढं पुष्कळ असतं.

हे सगळं चालतं ते मात्र प्रत्येकाला आपली जागा धरायला वेळ मिळाला तरच. म्हणून क्रम.

आधी मका. माती हाताला गार लागत नाही, साधारण 15-16 अंश सेल्सिअसच्या वर आहे, आणि कडाक्याच्या थंडीची भीती संपली आहे, अशा वेळी. मातीचे पसरट उंचवटे करायचे: हातभर रुंद, चार-पाच बोटं उंच, माथा सपाट. एका उंचवट्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 1.2 मीटर. प्रत्येकावर मक्याचे पाच-सहा दाणे गोलाकार टोकायचे आणि रोपं बोटभर झाली की विरळणी करून जोमदार चार ठेवायची. जास्तीची रोपं उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे शेजारची मुळं हलत नाहीत.

मका 12 ते 15 सेंटिमीटर झाला की घेवडा. प्रत्येक मक्यापासून चार बोटं लांब एकेक बी. त्याच वेळी मक्याच्या बुंध्याला मातीची भर द्या, पुढे वेलाचं वजन पेलायला लागतं ते तिथूनच. घेवडा उगवून चढायला लागेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात आणि तेवढ्यात मका त्याच्या पुढे निघून गेलेला असतो. पहिल्या वर्षी मी हाच अवधी खाल्ला होता.

घेवडा उगवून आठवडा झाला की भोपळा. इथे लोक हावरटपणा करतात. प्रत्येक उंचवट्यावर भोपळा लावू नका. तीन-तीनच्या तीन रांगा, म्हणजे नऊ उंचवटे असतील तर भोपळ्याचे दोन, फार तर तीन वेल पुरतात, तेही कडेला, बाहेरच्या अंगाला. वेल आत येतो, यायला सांगावं लागत नाही.

उंचवटा हा काही देवाचा नियम नाही. तो माती लवकर तापवतो आणि पाण्याचा निचरा करतो, म्हणून थंड, ओलसर प्रदेशात बरा. कोरड्या मुलखात उलट करावं लागतं. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचे झुनी लोक मातीच्या बुटक्या बांधांनी चौकोन पाडून, खोलगट वाफ्यांत पिकं लावायचे, पाणी आतच राहावं म्हणून. तुमच्याकडे पाणी साचतं की पळतं, त्यावरून ठरवा.

वाण निवडताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. ही सगळी रचना वाळवून साठवायच्या पिकांसाठी घडलेली आहे. मका ताटावरच वाळू द्यायचा, घेवड्याच्या शेंगा वेलीवर कडकडीत होऊ द्यायच्या, भोपळा पक्क्या सालीचा. तिघं शेवटी जवळपास एकदमच काढायचे. तोवर आत कुणी जायचं नाही. आता आपण करतो काय, तर कोवळं गोड कणीस देणारा बुटका मका लावतो, हिरव्या शेंगांचा घेवडा लावतो, आणि मग दर दोन दिवसांनी शेंगा तोडायला भोपळ्याच्या वेलांवरून कसरत करत आत शिरतो. भोपळ्याच्या पानांना आणि देठांना बारीक काटेरी लव असते. उघड्या पोटऱ्यांनी एकदा जाऊन या, पुन्हा जाणार नाही. शिवाय गोड मक्याचं ताट कमरेएवढं नाजूक वाणाचं असेल तर ते जोमदार घेवड्याखाली वाकतं. म्हणून मका उंच, जाड ताटाचा, दाण्यासाठीचा घ्या. घेवडा चढणारा घ्या, बुटका झुडपी घेवडा इथे काही कामाचा नाही. पण चढणाऱ्यांतही अति जोमाचा नको. भोपळा लांब वेलाचा. गोड मकाच हवा असेल तर तो कडेच्या रांगेत लावा, आणि आत जायला एक वाट मोकळी सोडा. मी आता तसंच करते.

घेवडा स्वतः चढतो, पण सुरुवातीला एखादा शेंडा भरकटतो. त्याला मक्याकडे वळवताना दिशा पाहा. घेवडा वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. तुम्ही उलटा गुंडाळलात तर रात्रीतून सुटतो आणि सकाळी पुन्हा मोकळा लोंबकळताना दिसतो. मला हे कळायला तीन सकाळी लागल्या.

मका चौकोनातच का लावायचा, एका लांब रांगेत का नाही, याचं कारण कणसात आहे. ताटाच्या टोकाला येतो तो तुरा, नर फुलांचा. मधे कणसाच्या टोकातून बाहेर येणारे रेशमी केस मादी. प्रत्येक केस आतल्या एकेका दाण्याला जोडलेला असतो. वाऱ्याने उडालेला परागकण ज्या केसावर पडला तो दाणा भरला, ज्याच्यावर नाही पडला तिथे खळगा राहिला. चारशे दाण्यांचं कणीस म्हणजे चारशे वेगवेगळी लग्नं. एकेरी रांगेत वारा आडवा आला की पराग बाजूला उडून जातो आणि कणीस बोळकं निघतं. नऊ उंचवट्यांवर चार-चार, म्हणजे 36 ताटं एकत्र असली की बहुतेक केसांना काही ना काही मिळतं. यापेक्षा कमी असतील तर तुम्ही मदत करा: दव सुकल्यावर सकाळी तुरा हलकेच वाकवून शेजारच्या कणसाच्या केसांवर झटका, असं चार-पाच दिवस. याच आठवड्यात मक्याला तहान सर्वांत जास्त असते. पाण्याची काटकसर एरवी कधीही करा, तुरा आणि केस असताना नको. (आणि एक गंमत: कणसावरच्या दाण्यांच्या उभ्या ओळी मोजा, त्या सम संख्येतच भरतात.)

भोपळ्याची तऱ्हा वेगळी. त्याला मधमाश्या लागतात. फुलं पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. आधी नुसती नर फुलं येतात, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस फळ धरत नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मादी फुलाच्या मागे चिमुकला भोपळा असतो, तेवढी खूण पुरे. माश्या दिसत नसतील तर नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलाच्या मधोमध फिरवा. घेवड्याला यातलं काहीच लागत नाही, त्याचं फूल बहुधा उमलायच्या आधीच आपलं आपण निभावतं.

ताटातही या तिघांचं जमतं. मक्यात लायसिन हा प्रथिनाचा घटक कमी असतो, घेवड्यात तो भरपूर. घेवड्यात जे गंधकयुक्त घटक कमी ते मक्यात असतात. भोपळ्याच्या गरात जीवनसत्त्व अ होणारं द्रव्य, बियांत तेल. पण मका जर मुख्य अन्न असेल तर आणखी एक गोष्ट लागते. मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की ते अंगी लागत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, हौडेनोसौनी लाकडाच्या राखेच्या पाण्यात. त्याने ते मोकळं होतं. मका युरोपात गेला, ही कृती मागे राहिली, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा, म्हणजे नियासिनच्या अभावाचा रोग, पसरला. स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी 1735 मध्ये त्याची लक्षणं नोंदवली, पण कारण उलगडायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षं गेली.

काढणीच्या वेळी वाळलेला घेवडा उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं आणि गाठी तिथेच राहू द्या, पुढच्या हंगामाचं देणं तेच आहे. पुढच्या वर्षी भोपळा आणि मका जागा बदलून लावले तर कीड-रोगांना तेच घर पुन्हा सापडत नाही.

बी राखायचं असेल तर घेवड्याचं निर्धास्त राखा, तो सहसा दुसऱ्यात मिसळत नाही. मक्याचं मिसळणं त्याच वर्षी दिसतं: जवळपास दुसऱ्या रंगाचा मका असेल तर तुमच्या कणसावर मधेच वेगळ्या रंगाचे दाणे चमकतात. भोपळा मात्र फसवतो. या वर्षीचं फळ आईसारखंच निघतं, खरं काय ते पुढच्या वर्षी त्यातलं बी लावल्यावर कळतं. शोभेच्या कडू भोपळ्याशी संकर झाला असेल तर नव्या वेलाचं फळ कडू आणि विषारीही निघू शकतं, म्हणून आधी कच्च्या गराचा कण जिभेला लावून पाहायचा आणि कडवट लागला तर थुंकून सगळं फळ टाकून द्यायचं. माझ्या तिसऱ्या वर्षीच्या वेलाला जे लागलं ते बाहेरून हिरवं-पांढरं, पट्ट्यापट्ट्यांचं, आतून फिकट केशरी होतं. कडू नव्हतं. त्याला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही, पण बी राखून ठेवलं आहे.